स्पार्टनबर्गच्या गिरण्या आणि आपण

सोलापूरच्या यंत्रमागांवर तुटलेला धागा सांधायला मुलगा आजही बहुधा बापाच्या शेजारी उभा राहूनच शिकतो. म्हणूनच स्पार्टनबर्ग शहर ज्यात आहे त्या, अमेरिकेतील साउथ कॅरोलायना या कापडगिरण्यांच्या राज्याने, गव्हर्नर अर्नेस्ट हॉलिंग्ज यांच्या कारकिर्दीत, १९६१ मध्ये उभारायला घेतलेली सरकारी तंत्रशिक्षणाची व्यवस्था मला तेथील उद्योगवाढीचे खरे भांडवल वाटते. नव्या कारखान्याला हवे तसे कामगार घडवून देण्याची जबाबदारी तेथे राज्यानेच उचलली. वस्त्रोद्योगपती रॉजर मिलिकन यांच्या पुढाकाराने ग्रीनव्हिल-स्पार्टनबर्ग विमानतळ १९६२ मध्ये सुरू झाला आणि त्याच्याच लगत १९९४ पासून बीएमडब्ल्यूच्या मोटारी तयार होऊ लागल्या. सवलतींची खिरापतही अर्थातच वाटली गेली. कामगार संघटनांना मात्र तेथे फारसा थारा नाही, आणि गिरणी कामगारांच्या लढ्यांवर पोसलेल्या आपल्या शहराला ते रुचणे कठीण आहे.