एका कार्यालयात चार लिनक्स

विंडोज १० ला मिळणारा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, तेव्हा आमच्या संस्थेने सगळेच संगणक लिनक्स या मुक्त कार्यप्रणालीवर आणायचे ठरवले आणि ते काम माझ्याकडे आले. सर्वत्र एकच डिस्ट्रो, म्हणजे लिनक्सचा एकच तयार संच असावा, असा वरिष्ठांचा आग्रह होता. तो अवाजवी नव्हता, कारण एकच डिस्ट्रो असला की देखभालीची पद्धतही एकच राहते. दहा वर्षे सुरक्षा अपडेट मिळणार असल्यामुळे अल्मालिनक्स १० ची निवड झाली आणि सर्वांत महत्त्वाचे यंत्र म्हणून मी सर्व्हरपासून सुरुवात केली.

पेन ड्राइव्ह लावला, लिनक्सचा गाभा असलेले कर्नल सुरू झाले, पडद्यावरून ओळी सरकू लागल्या आणि अचानक सगळे थांबले. प्रोसेसर एक्स८६-६४-व्ही३ या क्षमता-पातळीचा नाही, अशी ग्लिबसी या मूळ लायब्ररीची तक्रार आणि तिच्याखाली कर्नल पॅनिक, म्हणजे कर्नलने काम थांबवल्याची ओळ. सहकाऱ्याला रॅमचा संशय आला. पण दुसऱ्या पेन ड्राइव्हनेही नेमक्या त्याच जागी तीच ओळ दाखवली. मग डेबियन या दुसऱ्या डिस्ट्रोची लाइव्ह, म्हणजे न बसवताच चालणारी प्रत चालवून प्रोसेसरची माहिती काढली. फ्लॅग्जच्या, म्हणजे प्रोसेसरच्या क्षमतांच्या लांबलचक यादीत एव्हीएक्स हे आज्ञासंच होते, व्ही३ पातळीला लागणारे एव्हीएक्स२ मात्र नव्हते.

सर्व्हरचा प्रोसेसर २०१२ च्या आयव्ही ब्रिज पिढीतला होता आणि इंटेलने एव्हीएक्स२ आणले ते २०१३ मध्ये, हॅसवेलपासून. अल्मालिनक्स ज्या लिनक्सवर बेतलेले आहे, ते बनवणाऱ्या रेड हॅट कंपनीने आपल्या दहाव्या आवृत्तीची सगळी पॅकेजेस व्ही३ पातळी गृहीत धरून बांधली असल्यामुळे, ६४ बिटचा आणि पूर्ण धडधाकट असलेला प्रोसेसरही तिथे नापास ठरतो. अल्मालिनक्स जुन्या प्रोसेसरांसाठी व्ही२ या खालच्या पातळीची वेगळी बांधणी देते, हे खरे. परंतु आमचे बॅकअप सॉफ्टवेअर बाहेरच्या कंपनीचे आहे आणि अशा कंपन्या आपली पॅकेजेस सहसा मूळ व्ही३ बांधणीसाठीच तयार करतात. त्यामुळे मी अल्मालिनक्स ९ सुचवले. त्याला २०३२ पर्यंत सुरक्षा अपडेट आहेत आणि तोवर हा सर्व्हर निवृत्त झालेला असेल.

पडद्यावरची ती ओळ वरिष्ठांना दाखवली, तेव्हा त्यांनीच विचारले, "मग बाकीच्या यंत्रांचे काय?" माझ्या मते खरा प्रश्न हाच होता आणि तो डिस्ट्रो ठरवण्याआधी विचारला जायला हवा.

कार्यालयातील टेबलांवरच्या संगणकांचा निर्णय लगेच झाला. चार जीबी रॅम आणि विंडोजची सवय असलेली माणसे, म्हणून लिनक्स मिंट २२ ची एक्सएफसीई या हलक्या डेस्कटॉपची आवृत्ती. नव्या लॅपटॉपचे वायफाय जुन्या कर्नलला ओळखूच येत नव्हते; तिथे नवे कर्नल देणारा फेडोरा बसवला. त्याच्या प्रत्येक आवृत्तीला जेमतेम तेरा महिने आधार मिळतो, पण हा लॅपटॉप वापरणारी सहकारी स्वतः प्रोग्रामर असून नियमित अपग्रेड करण्याची तिची तयारी होती.

खरा पेच प्रयोगशाळेतील पेंटियम ४ चा होता. तो निव्वळ ३२ बिटचा आहे, आणि त्याच्या सीरियल पोर्टला जोडलेल्या मोजमाप यंत्राचे काम अजून त्याच्यावरच चालते. फेडोराने ३२ बिटचे कर्नल २०१९ मध्येच बंद केले आणि २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ३२ बिटचा इन्स्टॉलरही उरला नाही. म्हणून तिथे डेबियन १२ बसवले, ग्राफिकल डेस्कटॉप मुळीच घेतला नाही आणि नेटवर्कची केबल काढून टाकली. नोंदी आता पेन ड्राइव्हने बाहेर काढतात. चालते यंत्र केवळ वय झाले म्हणून फेकून देणे मला कधीच पटलेले नाही, परंतु अपडेट न मिळणारे यंत्र नेटवर्कवर ठेवणे त्याहूनही पटत नाही.

संध्याकाळी प्रत्येक संगणकाच्या नोंदीत डिस्ट्रोसोबत त्याचा आधार संपण्याची तारीख लिहिली, आणि नवी खरेदी याच तारखांच्या क्रमाने करण्यास वरिष्ठांनी मान्यता दिली.