शेकडा सहा

इचलकरंजीत वकिली करणाऱ्याला कापडाचे थोडेफार कळावेच लागते, कारण इथल्या बऱ्याच वादांच्या मुळाशी कुठे ना कुठे सूत, बीम (उभे सूत गुंडाळलेला रूळ) किंवा तागा असतोच. तरीही २०२३ च्या पावसाळ्यातील एका उलटतपासाच्या आदल्या संध्याकाळपर्यंत मला एक साधी गोष्ट ठाऊक नव्हती, आणि ती ठाऊक नसल्यामुळेच मी पुढची तारीख मागून घेण्याच्या विचारात होतो.

माझे पक्षकार खर्चीवाले यंत्रमागधारक होते. सूत व्यापाऱ्याचे, तयार कापडही व्यापाऱ्याचे. यांच्याकडे शेड, माग, वीजबिल आणि कामगार, आणि त्याबद्दल मिळणारी मजुरी. राहत्या घरामागच्या शेडमध्ये आठ साधे माग होते. २०१९ मध्ये एका व्यापाऱ्याकडून बिमे घ्यायला सुरुवात केली तेव्हा त्याने तारण म्हणून सही केलेला कोरा चेक मागितला आणि यांनी तो दिला. आठ महिन्यांनी ६१,००० रुपयांची थकलेली मजुरी मागायला गेल्यावर व्यापाऱ्याने उलट सुताची घट काढली, चेकवर १,९९,८०० रुपयांचा आकडा घातला आणि तो बँकेत भरला. तो वटला नाही, हे सांगायला नकोच.

चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून पैसे देण्यास १५ दिवस आणि त्यानंतर एका महिन्यात फिर्याद, असे चेक न वटण्याच्या गुन्ह्याच्या, म्हणजे निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स कायद्यातील कलम १३८ चे वेळापत्रक आहे. व्यापाऱ्याच्या वकिलाने ते काटेकोर पाळले होते. आमच्या बाजूने मात्र नोटिशीला उत्तरच गेले नव्हते. रजिस्टर पोस्टाचे ते पाकीट पक्षकारांनी शेडमधल्या देवाच्या तसबिरीमागे खोचून ठेवले होते. “आमचीच मजुरी येणं आहे, मालकांशी बोलून मिटवू म्हटलं,” असे त्यांनी मला पुढे सांगितले. मालक, म्हणजे तो व्यापारी, त्या काळात फोन घेत नव्हते.

ते माझ्याकडे आले ते समन्स हातात घेऊनच, आणि पहिल्याच भेटीत त्यांनी चेकची छायाप्रत दाखवून सांगितले की सही निळ्या शाईत असून आकडा काळ्या शाईत आहे, तेव्हा केस इथेच संपली. शाईवर भिस्त ठेवणारे पक्षकार मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि दुर्दैवाने वकीलही. सही मान्य असली की कलम १३९ प्रमाणे न्यायालय चेक देण्यामागे देणे होते असे गृहीत धरते. आपण होऊन सही करून दिलेला कोरा चेकही याला अपवाद नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये बीर सिंग विरुद्ध मुकेश कुमार या निकालात स्पष्ट केले आहे. त्याच वर्षीच्या बसलिंगप्पा विरुद्ध मुदिबसप्पा या निकालात मात्र आमच्यासाठी एक फट होती. हे गृहीतक खोडण्यासाठी आरोपीने स्वतः पिंजऱ्यात उभे राहिलेच पाहिजे असे नाही. फिर्यादीच्या पुराव्यातूनच त्याच्या हिशेबाविषयी रास्त शंका निर्माण झाली तरी पुरते. म्हणजे जे काही साधायचे ते उलटतपासात.

दरम्यान २०१८ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १४३अ खाली फिर्यादीने अंतरिम भरपाई मागितली आणि न्यायालयाने कमाल मर्यादेइतकी, म्हणजे २० टक्के, मंजूर केली. ३९,९६० रुपये. ते भरण्यासाठी आठांपैकी दोन माग भंगारात गेले. या तरतुदीचा हेतू चांगला आहे हे मी नाकारत नाही, पण आरोप सिद्ध होण्याआधीच छोट्या माणसाचे हत्यार विकले जाते तेव्हा तो हेतू दिसेनासा होतो.

घटीचा हिशेब फिर्यादीने असा मांडला होता: ८० बिमे, प्रत्येकी १,५०० मीटर, एकूण १,२०,००० मीटर, परत आलेले कापड १,१२,६०० मीटर, फरक ७,४०० मीटर, दर २७ रुपये. बेरीज-गुणाकार अचूक होता. आदल्या संध्याकाळी मी शेडवर गेलो तो पावत्या शोधायला. पक्षकारांच्या पत्नीने प्लॅस्टिकच्या पिशवीतून शंभरपानी वही काढली. पहिल्या काही पानांवर मागाच्या तेलाचे डाग होते. पेन्सिलीने बीम नंबर, तागे, मीटर आणि तारीख अशा ओळी मारलेल्या होत्या, आणि प्रत्येक पोचीपुढे व्यापाऱ्याच्या दिवाणजीची सही होती. पोच त्यातून सिद्ध होत होती, पण ७,४०० मीटरचा फरक मात्र तसाच राहत होता.

“साहेब, बीम जेवढं तेवढं कापड कधी भरतं व्हय?” असे म्हणून पक्षकारांनी मागावरच्या कापडाचा मीटरभर तुकडा कापला, कडेचा एक उभा धागा नखाने सोडवून अलगद ओढून काढला आणि टेबलावर टेपपट्टीशेजारी ताणून धरला. कापड एक मीटर, धागा एक मीटर सहा सेंटिमीटर. उभा धागा आडव्या धाग्यांवरून आणि खालून वळत जातो, त्या वळणांत तेवढे सूत जाते. शिवाय प्रत्येक बिमाच्या दोन्ही टोकांना मिळून सात-आठ मीटर वाया जाते. मी कागदावर भागाकार केला. १,२०,००० मीटर बिमातून टोकांचे ६४० मीटर वजा केले की उरतात १,१९,३६०. त्याचे कापड भरायला हवे सुमारे १,१२,६००. यांनी जवळजवळ तेवढेच परत केले होते. तारीख मागण्याचा विचार मी तिथेच सोडला.

दुसऱ्या दिवशी पुकारा झाला तेव्हा दुपारचा सव्वा वाजला होता आणि जेवणाच्या सुट्टीआधी आटोपा, असा न्यायालयाचा सूर होता. प्रथम वही. दिवाणजीच्या सह्या साक्षीदार म्हणून उभ्या असलेल्या व्यापाऱ्याने ओळखल्या, वहीला निशाणी क्रमांक पडला, म्हणजे ती पुराव्यात आली. मग मी विचारले की आपण या धंद्यात किती वर्षे आहात. बावीस, असे उत्तर अभिमानाने आले. बिमाच्या लांबीपेक्षा कापड कमी भरते हे खरे का? “खरे आहे.” साधारण किती? ते आपल्या वकिलांकडे पाहू लागले, तेव्हा न्यायाधीशांनी त्यांना वकिलांकडे न पाहता उत्तर द्या असे सांगितले. “शेकडा पाच-सहा.” फिर्यादीतल्या हिशेबात ते वजा केले आहे का? बराच वेळ केवळ पंख्याचा आवाज येत होता. “नाही.” थकलेली मजुरी वजा केली आहे का? “नाही.”

यापुढे आणखी एक प्रश्न विचारण्याचा मोह मला झाला होता: मग हा आकडा चेकवर कुणी लिहिला? पण साक्षीदाराला सारवासारव करण्याची संधी देणारा प्रश्न तोच ठरला असता, म्हणून मी खाली बसलो.

साडेचार महिन्यांनी पक्षकार निर्दोष सुटले. अंतरिम भरपाईची रक्कम फिर्यादीने व्याजासह साठ दिवसांत परत करायची असते, ती परत आली; माग आले नाहीत. मजुरीच्या बाकीसाठी सूक्ष्म व लघु उद्योगांच्या सुकरता परिषदेकडे (छोट्या उद्योगांच्या थकलेल्या येण्यांचे वाद ऐकणाऱ्या सरकारी मंडळाकडे) जावे असे त्यांच्या एका नातेवाइकाने सुचवले होते, कारण तिथे बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मिळते. परंतु यांची उद्यम नोंदणी, म्हणजे छोटा उद्योग म्हणून सरकारदरबारी नोंद, २०२१ मधली आणि मजुरी २०१९ मधली. नोंदणीपूर्वीच्या व्यवहाराला या कायद्याचा लाभ नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने सिल्पी इंडस्ट्रीजच्या निकालात म्हटले आहे. हे समजावून सांगताना मलाच अवघडल्यासारखे झाले.

पुढच्या महिन्यात ते पुन्हा कार्यालयात आले. नवा व्यापारी मिळाला होता, बिमे दुसऱ्या दिवशी उतरायची होती, आणि त्यानेही तारणाला कोरा चेक मागितला होता. देऊ नका, असे मी म्हणालो. “मग सहा माग बंद ठेवू का?” असे त्यांनी विचारले, आणि त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हते. शेवटी चेक कशासाठी दिला, त्याचा नंबर काय आणि तो कोणत्या हिशेबानंतर भरता येईल, असे एक पानी पत्र मी तयार केले. पक्षकारांनी ते वाचले, माझे पेन मागून घेतले आणि तळाशी स्वतःच्या अक्षरात एक ओळ जोडली: कापड बिमापेक्षा शेकडा सहा कमी भरेल, ती घट धरू नये.

व्यापाऱ्याने त्यावर सही केली.