निओडिमियम–प्रॅसिओडिमियम: शेजाऱ्यांना वेगळं करताना

लँथॅनम ते ल्युटेशियम हे रेअर अर्थ धातू सगळेच पाण्यात त्रिभारित आयन म्हणून वावरतात, आणि शेजारच्या दोघांच्या आकारात फरक असतो जेमतेम एक-दोन पिकोमीटरचा. त्यामुळे धातूंचं पाणी आणि त्यात न मिसळणारं सेंद्रिय द्रव घुसळून असे शेजारी वेगळे करताना एका टप्प्यात काही साधत नाही. पृथक्करण गुणांक (एका धातूचा सेंद्रिय थराकडचा कल दुसऱ्याच्या किती पट) 1.5 धरला आणि दोन्ही टोकांना 99.9 टक्के शुद्धता हवी असली, तर गणिताने किमान 34 आदर्श टप्पे लागतात, तेही पूर्ण रिफ्लक्सवर, म्हणजे सगळा माल आतच परत फिरवत ठेवला तर. माल बाहेर काढायला लागलात की हा आकडा आणखी फुगतो.

पीसी-88ए किंवा डी2ईएचपीए (धातू सेंद्रिय थरात ओढणारी फॉस्फरसयुक्त आम्लं) वापरताना खरा मालक पीएच. एक धातू आयन सेंद्रिय थरात गेला की तीन प्रोटॉन पाण्यात येतात, म्हणून वितरण गुणांक (धातूचं सेंद्रिय थरातलं प्रमाण भागिले पाण्यातलं) पीएचच्या तिप्पट चढाने बदलतो: पीएच 0.1 ने वाढला की गुणांक दुप्पट, 0.3 ने वाढला की आठपट. असं असूनही पीएच मीटरचा इलेक्ट्रोड मिक्सरमध्येच बुडवतात! त्यावर सेंद्रिय थर बसतो आणि आकडा भरकटतो. थर नीट सुटल्यावर खालचं नितळ पाणी काढून त्यात मोजा.

1 मोलर पीसी-88ए (लिटरला सुमारे 306 ग्रॅम, बाकी केरोसीन) सॅपोनिफाय न करता (म्हणजे कॉस्टिक सोड्याने आधी काही भाग सोडियमचा क्षार न बनवता) वापरलं आणि त्यात 0.12 मोलर धातू चढवायचा म्हटलं, तर समान आकारमानाच्या पाण्यात 0.36 मोलर आम्ल साचेल. त्याच्या कितीतरी आधीच निष्कर्षण थांबतं. म्हणून आधी 36 टक्के सॅपोनिफिकेशन: लिटरला 14.4 ग्रॅम कॉस्टिक, म्हणजे 10 मोलर द्रावणाचे 36 मिलिलिटर. द्रावण तीव्रच घ्या, आणि हे सोडियमवालं सेंद्रिय साध्या पाण्याला लावू नका. ते दुधाळ होतं आणि साबण पाण्यात निघून जातो. लगेच रेअर अर्थ क्लोराइडशी गाठ घालून सोडियमची जागा धातूला द्या. हाव धरून फार जास्त सॅपोनिफाय केलं तर द्रव घट्ट, जेलीसारखा होतो आणि थर सुटेनासे होतात.

स्क्रबिंगकडे, म्हणजे धातू चढलेला सेंद्रिय थर धुण्याकडे, दुर्लक्ष होतं, पण शुद्धता तिथेच ठरते. निओडिमियम सेंद्रिय थरात थोडं जास्त रमतं. चुकून सोबत चढलेलं प्रॅसिओडिमियम खाली उतरवायला स्ट्रिपिंगमधून (आम्लाने धातू सेंद्रिय थरातून पुन्हा पाण्यात उतरवताना) आलेल्या निओडिमियमच्या द्रावणाचा काही भाग परत फिरवायचा. आम्ल जास्त पडलं की निओडिमियमही उतरतं आणि दुसऱ्या टोकाचा, म्हणजे प्रॅसिओडिमियमचा, माल बिघडतो.

दोन थरांच्या मध्ये साचणारा चिकट गाळ, म्हणजे क्रड, बहुधा सिलिका आणि बारीक घन कणांचा असतो. फीड (आत सोडायचं धातूंचं द्रावण) आधी गाळून घेतलं तर निम्मं दुखणं टळतं. लोह मात्र आधीच काढा. डी2ईएचपीएवर बसलेलं फेरिक लोह साध्या स्ट्रिपिंगने उतरत नाही आणि साचत जाऊन क्षमता खातं.

दुसरी पद्धत आयन एक्स्चेंजची: धातू कॉलममधल्या रेझिनच्या कणांवर बसवून द्रावणाने पुढे सरकवायचे. तिथे निवड रेझिन फारशी करत नाही, त्या द्रावणातलं ईडीटीए (धातूला वेढून धरणारं संयुग) करतं. जड आयन त्याला घट्ट धरतात म्हणून ते आधी बाहेर येतात. कॉलमच्या पुढच्या भागात (जिकडे धातू सरकतात तिकडे) तांब्याचं रेझिन ठेवावं लागतं. हायड्रोजन रूपातलं रेझिन ठेवलं तर ईडीटीए स्वतःच स्फटिक होऊन कॉलम तुंबवतं. तांबं असल्यामुळे ईडीटीए सुमारे 0.015 मोलरपेक्षा तीव्र घेता येत नाही, नाहीतर तांब्याचा क्षार खाली बसतो. हिशोब करून पाहा: 1 किलो निओडिमियम ऑक्साइड म्हणजे जवळपास 6 मोल निओडिमियम, त्याचा कॉलममधला पट्टा स्वतःच्या लांबीइतका एकदा सरकवायलाच सुमारे 400 लिटर द्रावण. टनांचं काम मिक्सर-सेटलरकडे (दोन थर घुसळून सुटू देणाऱ्या टाक्यांकडे) गेलं ते यामुळेच. थोडा पण अतिशुद्ध माल हवा असेल तेव्हा कॉलम अजूनही कामाचा.

स्ट्रिप द्रावणातून शेवटी ऑक्झलेट पाडतात. 1 किलो निओडिमियम ऑक्साइडला डायहायड्रेट ऑक्झॅलिक आम्ल 1.12 किलो हिशोबाने, वर थोडं जास्त. द्रावण गरम ठेवून सावकाश घाला, कण मोठे होतात आणि गाळणी अडत नाही. मग धुऊन 900 अंशांच्या आसपास भाजा. फिकट निळसर भुकटी हाताशी यायला हवी. तपकिरी झाक दिसली तर प्रॅसिओडिमियम सोबत आलंय, कारण त्याचा ऑक्साइड काळपट होतो.