कार्बन ब्रशपासून कंट्रोलरपर्यंत: आमची वाटचाल

आमच्या दुरुस्तीच्या दुकानाची सुरुवातीची वर्षं साध्या व्हीलचेअरवर गेली. कॅस्टरची, म्हणजे पुढच्या छोट्या चाकांची, ६०८ बेअरिंग, सैल ॲक्सल, तुटलेले स्पोक. पोट भरत होतं, त्यापलीकडे सांगण्यासारखं काही नाही.

मोटरच्या खुर्च्या आल्या आणि आम्ही हौसेने शिकलो. मोटरला वीज पोचवणारे, झिजणारे कार्बन ब्रश बदलणं, गिअरबॉक्स उघडणं, सगळं. मग कंपन्यांनी कंट्रोलरला, म्हणजे मोटर चालवणाऱ्या इलेक्ट्रॉनिक डब्याला, सॉफ्टवेअरचं कुलूप घातलं. नवा जॉयस्टिक बसवला तरी प्रोग्रॅमिंगशिवाय खुर्ची नीट चालेना, आणि प्रोग्रॅमिंगची किल्ली, म्हणजे डोंगल, फक्त अधिकृत विक्रेत्याला. तो विक्रेता आमच्याच गिऱ्हाइकांना सांगत सुटला, "बाहेर उघडलीत तर वॉरंटी गेली." दुकान ओस पडलं, पोरांचे पगार थकले. शेवटी लेथ विकला. बेअरिंग ओढून काढायचा पुलर आणि मल्टिमीटर तेवढे विकले नाहीत.

त्या दिवसांत गणिताच्या एका बाईंचा फोन आला. खुर्चीचा दिवा नुसता लुकलुकतोय, आणि विक्रेता म्हणतो अख्खी मोटर बदला, यायला काही आठवडे लागतील. तोवर बाईंनी पलंगावर पडून राहायचं! मी मीटर लावला. मोटरच्या ब्रेकच्या कॉइलला कंटिन्युइटीच नव्हती, म्हणजे वाट कुठेतरी तुटलेली. कॉइलला वीज मिळाल्याशिवाय ब्रेक सुटत नाही, मग कंट्रोलर खुर्ची हलू देईल कसा? प्लगपाशी वायर तुटलेली. सोल्डर केलं, श्रिंक स्लीव्ह चढवली. दुपारी बाई वर्गावर. पुढे त्यांनी इतकी माणसं पाठवली की दुकान तरलं.

कुलपासाठी कंपन्या सुरक्षिततेचं कारण देतात, ते अगदी खोटं नाही. हात थरथरणाऱ्या माणसाच्या जॉयस्टिकमध्ये वेग चुकीचा भरला तर तो पडेल. ते आम्ही शिकायला तयार होतो, शिकवायला कुणी तयार नव्हतं. आणि ब्रश बदलायला कुलूप कशाला?

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्याने २०२२ साली कायदाच केला: मोटरच्या व्हीलचेअरचे सुटे भाग, सॉफ्टवेअर, हत्यारं आणि मॅन्युअल कंपनीने मालकाला आणि बाहेरच्या कारागिराला द्यायची. १ जानेवारी २०२३ पासून तो लागू आहे. ती बातमी मी काउंटरवर चिकटवली आहे, त्या विक्रेत्याचा माणूस आलाच तर वाचेल.

जाता जाता, खुर्चीच्या १२ व्होल्टच्या दोन्ही बॅटऱ्या एकदमच बदला. नवी-जुनी जोडी लावली की जुनी नवीलाही खाते. पटत नसेल तर खुर्ची चालवत दोन्हींचे व्होल्ट वेगवेगळे मोजा.