'निगेटिव्ह होऊन या' म्हणजे नेमकं काय करून या?

माझ्या फाइलवर आतल्या बाजूने एक पिवळी चिठ्ठी चिकटवलेली होती: 'एचपीव्ही निगेटिव्ह आल्यावर येणे.' खाली सही नाही, तारीख नाही. एचपीव्ही म्हणजे गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरू शकणारा विषाणू. वंध्यत्वाच्या उपचारात वेळ जातोच, त्याची तयारी ठेवलेली होती. पण त्या चिठ्ठीने जो वेळ खाल्ला तो निव्वळ फुकट गेला आणि अजून त्याचा राग जात नाही. म्हणून बाकीचं भराभर सांगते आणि चिठ्ठीचं सविस्तर.

वर्षभर प्रयत्न करूनही गर्भ राहिला नाही तर तपासण्या सुरू करतात. बाईचं वय पस्तिशीच्या पुढे असेल तर सहा महिन्यांतच. मी या दुसऱ्या गटातली. रक्ताच्या तपासण्या, सोनोग्राफी, नवऱ्याचं सीमेन अ‍ॅनालिसिस, नळ्या मोकळ्या आहेत का ते बघणारी एचएसजी, हे सगळं सुरळीत झालं. (एचएसजी दुखते. आधी गोळी घ्यायला सांगतात ती घ्या, शूरपणा नको.) नळ्या मोकळ्या, पण एएमएच (अंडाशयात बीजं किती उरली असतील याचा अंदाज देणारं संप्रेरक) वयाच्या मानानेही कमी. डॉक्टर म्हणाल्या, "वेळ घालवू नका, सरळ आयव्हीएफ करू. फक्त एक स्वॅब आणि गर्भाशयमुखाची तपासणी तेवढी उरकून घ्या."

उरकून घ्या!

स्वॅबमध्ये आधी बीव्ही निघालं, म्हणजे बॅक्टेरियल व्हजायनोसिस. अंगावरून पांढरं जाणं ही गोष्ट आपण इतकी अंगवळणी पाडून घेतलेली असते की डॉक्टरांनी विचारल्यावरही मी "नेहमीसारखंच" असं उत्तर दिलं होतं. सिस्टरांनी पीएचची पट्टी टेकवली आणि मला दाखवली. पिवळी राहायला हवी होती, ती हिरवटावर गेली होती. योनीमार्गात लॅक्टोबॅसिलस जातीचे जीवाणू भरपूर असतील तर ते लॅक्टिक आम्ल तयार करतात आणि पीएच साधारण 3.8 ते 4.5 राहतो. ते घटले की गार्डनेरेलासारख्यांचं फावतं, पीएच चढतो आणि माशासारखा वास येतो. स्लाइडवरचे जीवाणू मोजून 0 ते 10 असा न्यूजंट स्कोअर देतात. 7 किंवा जास्त म्हणजे बीव्ही. माझा 8.

मेट्रोनिडाझोलचा सात दिवसांचा कोर्स झाला. तोंडाला सतत नाणं चोखल्यासारखी चव, पण गुण आला. पुढे ते उलटलं, तेव्हा क्लिंडामायसिनचं क्रीम दिलं. उलटणं नेहमीचंच आहे, निम्म्याहून जास्त जणींना वर्षाच्या आत पुन्हा होतं, त्यामुळे आपल्या स्वच्छतेत काही खोट आहे असं मनाला लावून घेऊ नका. उलट आतून पाण्याने धुण्याने ते वाढतं. बीव्ही वंध्यत्वाच्या रुग्णांत जास्त आढळतं आणि गर्भ राहिला तर अकाली प्रसूतीशीही त्याचा संबंध आहे, म्हणून उपचार मी मुकाट्याने केले. त्याबद्दल तक्रार नाही.

तक्रार पुढची आहे. एचपीव्हीचा रिपोर्ट पॉझिटिव्ह आला. 16 आणि 18 हे सगळ्यात घातक प्रकार नव्हते (गर्भाशयमुखाच्या कॅन्सरपैकी सुमारे 70 टक्के या दोघांमुळे होतात), पण 'इतर हाय रिस्क' या गटातला कुठला तरी होता. पेशींच्या तपासणीत किंचित फेरफार दिसला, म्हणून कोल्पोस्कोपी, म्हणजे गर्भाशयमुखाची दुर्बिणीतून तपासणी, झाली. व्हिनेगरचा वास येतो, कारण ते अ‍ॅसिटिक अ‍ॅसिडच लावतात. बदललेल्या पेशी त्याने पांढऱ्या दिसतात. समोरच्या स्क्रीनवर नखाएवढा पांढरा डाग मीही पाहिला. त्याचा तुकडा तपासायला गेला. निष्कर्ष सीआयएन 1, म्हणजे गर्भाशयमुखाच्या पेशींतला सौम्य बदल. हा सहसा आपोआप बरा होतो, त्याला कापाकापी करत नाहीत, वर्षाने पुन्हा बघतात.

मी रिपोर्ट घेऊन खुशीत आयव्हीएफच्या काउंटरवर गेले आणि तिथे ती चिठ्ठी चिकटली.

"मॅडम, एचपीव्ही निगेटिव्ह झाल्याशिवाय सायकल सुरू होत नाही. प्रोटोकॉल आहे."

"निगेटिव्ह करायचं औषध कुठलं?"

"ते तुम्हाला कोल्पोस्कोपीवाले सांगतील."

कोल्पोस्कोपीच्या ओपीडीत तासन्‌तास बसल्यावर उत्तर मिळालं, "याला औषध नसतं. शरीर स्वतःच काढून टाकतं, बहुतेकींचं वर्ष-दोन वर्षांत जातं." मग आयव्हीएफ? "करा की, आमची काय हरकत?" तसं लिहून द्याल का? "आम्ही आयव्हीएफबद्दल कसं लिहिणार? त्यांनी विचारलं तर लिहू." पुन्हा काउंटरवर. "आम्ही कशाला विचारू? पेशंटनेच फिटनेस आणायचा असतो." पुन्हा ओपीडी. तिथे त्या दिवशी दुसरे डॉक्टर. त्यांनी फाइल पहिल्या पानापासून चाळायला घेतली.

दोन्ही टेबलांवरची माणसं वाईट नव्हती. हसून बोलायची, बसा म्हणायची. पण एकीकडे तोंडी हरकत नव्हती, दुसरीकडे लेखी काहीतरी हवं होतं, आणि मधल्या जिन्यावर मी. विषाणू जायची वाट बघायची तर दोन वर्षंसुद्धा लागू शकतात, आणि तेवढ्यात माझं एएमएच काही वाढणार नव्हतं. वेळ घालवू नका असं ज्यांनी सांगितलं त्यांच्याच दारात ही चिठ्ठी होती, आणि त्या डॉक्टरांपर्यंत पोचायचं तर आधी तेच काउंटर! नात्यातल्या एकीने लस घ्यायला सुचवलं. लस पुढच्या संसर्गापासून वाचवते, आत असलेला विषाणू घालवत नाही. नवरा दोन दिवस गप्प होता. हे आलं कुठून, असं त्याच्या मनात असणार. एचपीव्ही कित्येक वर्षं गुपचूप राहू शकतो, रिपोर्टवरून तो कधी आणि कुणाकडून आला ते कळत नाही. हे मी त्याला डॉक्टरांसमोरच विचारायला लावलं. घरात भांडण्यापेक्षा ते बरं पडतं.

याच काळात काउंटरवरच्या ताईंनी मायक्रोबायोमची संपूर्ण डीएनए तपासणी सुचवली: कुठले जीवाणू किती टक्के, रंगीत आलेखासकट. लॅक्टोबॅसिलस कमी असले की एचपीव्ही जास्त काळ टिकतो असं अभ्यासांत दिसतं, हे मलाही माहीत होतं. पण यातलं आधी काय आणि नंतर काय, हे ठरलेलं नाही, आणि टक्केवारी हातात आली तरी ती बदलायची खात्रीची गोळीही नाही. मी एवढंच विचारलं, "या रिपोर्टवरून माझ्या उपचारात काय बदलेल?" ताई म्हणाल्या, "तसं काही नाही." मग नको. हा प्रश्न प्रत्येक नव्या तपासणीआधी विचाराच.

शेवटी मार्ग दाखवला तो ओपीडीतल्या मावशींनी. "गर्दीत नका येऊ. ओपीडी उठायच्या आधी मोठ्या मॅडम सह्या करायला बसतात, तेव्हा आत शिरा." मी शिरले. यावेळी हातात रिपोर्टांचा गठ्ठा नव्हता, एक पान होतं. त्यावर मीच तीन प्रश्न लिहिले होते आणि प्रत्येकाखाली जागा सोडली होती. सीआयएन 1 साठी सध्या उपचाराची गरज आहे का? एचपीव्ही पॉझिटिव्ह असताना बीजं काढायला आणि भ्रूण गर्भाशयात सोडायला आपल्या विभागाची हरकत आहे का? पुढची तपासणी कधी? मॅडमनी पेन उचललं. 'नाही.' 'नाही.' '12 महिन्यांनी.' सही, शिक्का, रजिस्ट्रेशन नंबर. वर तोंडी म्हणाल्या, "गर्भ राहिला तरी कोल्पोस्कोपी करता येते, घाबरू नका." चहा थंड व्हायच्या आत काम झालं. खोटं कशाला बोलू, मला त्या पानाचा अजून अभिमान आहे.

काउंटरवर ते पान दिल्यावर कुणी प्रोटोकॉलचं नाव काढलं नाही. पुढच्या पाळीपासून इंजेक्शनं सुरू झाली.

तेव्हा, कुणी 'क्लिअरन्स आणा' म्हटलं तर कुणाकडून, कुठल्या प्रश्नाचं, हे तिथेच लिहून मागा. नाही दिलं तर प्रश्न स्वतः लिहा. डॉक्टरांना पत्र लिहायला वेळ नसतो, हो-नाही लिहायला असतो.

राहून गेलेलं: स्वॅबच्या आधी दोन दिवस संबंध नको, आतून धुणं नको, योनीमार्गात औषध नको, आणि पाळी चालू असताना जाऊ नका, नाहीतर पुन्हा बोलावतात. क्लिंडामायसिन क्रीममध्ये तेल असतं, त्याने कंडोम कमकुवत होतो, हे मला कुणी सांगितलं नव्हतं, डबीतल्या कागदावर बारीक अक्षरात सापडलं. आणि बीव्ही सारखं उलटत असेल तर जोडीदाराच्या उपचाराबद्दल विचारा. 2025 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ऑस्ट्रेलियातल्या चाचणीत पुरुषालाही गोळ्या आणि क्रीम दिल्यावर 12 आठवड्यांत पुन्हा होण्याचं प्रमाण 63 वरून 35 टक्क्यांवर आलं. आमच्या डॉक्टरांनी ऐकलं आणि नवऱ्याच्या नावाचा वेगळा केसपेपर काढायला सांगितलं. तो काढायला मात्र त्यालाच रांगेत उभं केलं.