बंदरावर उतरताना परतीचा हिशेब आधी

क्रूझच्या कागदावर 'क्वालालंपूर' छापलेलं असतं, पण जहाज लागतं पोर्ट क्लांगला. आपण विमानाचं तिकीट बेळगावचं काढतो आणि उतरतो सांबऱ्याला, त्यातलाच प्रकार. फरक एवढाच की सांबरा गावापासून दहाएक किलोमीटरवर आहे, आणि पोर्ट क्लांगहून क्वालालंपूर साठेक किलोमीटर, म्हणजे बेळगावहून निघून संकेश्वर मागं टाकल्यावर. 'बँकॉक' तर त्याहून लांब. तिथं जहाज लाएम चाबांगला थांबतं, शहर शंभर किलोमीटरच्या वर, आणि जायलाच दोन तास धरावे लागतात. म्हणून सहल जहाजाकडून घ्यायची की आपलं आपण फिरायचं, यात आधी अंतर बघायचं, पैसे नंतर.

हिशेब उलटा करायचा, शेवटाकडून सुरुवातीला. समजा, पोर्ट क्लांगला जहाज सकाळी 8 ला लागतं आणि संध्याकाळी 5 ला सुटतं. पाचला सुटतं म्हणजे पाचपर्यंत चढता येतं असं नाही. 'सगळे जहाजावर' ही वेळ अर्धा ते एक तास आधीची असते. इथं साडेचार धरू. लांबच्या शहरातून येताना बंदराच्या गेटवर त्याच्याही दीड तास आधी पोचायचं, म्हणजे तीन. रस्ता दीड तासाचा, म्हणजे दीडला शहर सोडायचं. सकाळीही आठला कुणी उतरत नाही. आधी तिथले अधिकारी जहाजाची कागदपत्रं बघतात, मग जिना उघडतो. बंदराबाहेर पडेपर्यंत सव्वानऊ, शहरात पावणेअकरा. हातात उरले पावणेतीन तास. त्यात बटू केव्हज या गुहेतल्या मंदिराच्या 272 पायऱ्या चढून उतरायच्या की पेट्रोनासच्या जुळ्या मनोऱ्यांपाशी जायचं, यातलं एकच निवडावं. दोन्ही करणारे लोक परतीच्या रस्त्यावर ट्रॅफिकमध्ये घड्याळाकडं बघत बसतात.

अशा लांबच्या बंदरात जहाजाची सहल घेतलेली बरी, आणि कारण एकच आहे. त्यांची बस अडकली तर जहाज थांबतं, किंवा पुढच्या बंदरापर्यंत पोचवायची सोय कंपनी करते. आपण केलेल्या टॅक्सीसाठी कुणी थांबत नाही. बाकी त्या सहलीत कौतुक करण्यासारखं फार नसतं: चाळीस माणसांची बस, प्रत्येक थांब्यावर कुणीतरी हरवलेलं, आणि मध्येच दागिन्यांच्या किंवा चामड्याच्या शोरूममध्ये अर्धा तास. सहल निवडताना 'खरेदीचा थांबा' किती आणि 'बसमधून दर्शन' किती, हे दोन शब्द शोधून वाचावेत. बसमधून दर्शन म्हणजे गाडी न थांबता काचेतून बघणं.

उलट मलेशियातल्याच पेनांगला जहाजाची सहल घेणं म्हणजे पैसे पाण्यात. धक्का तिथल्या जॉर्ज टाउन शहरालाच चिकटून आहे. बाहेर पडलं की काही मिनिटांत फोर्ट कॉर्नवॉलिस, तिथून पुढं चालत लिटल इंडिया, आणि डोशाचा वास आला की रस्ता बरोबर आहे असं समजायचं. युनेस्कोनं 2008 मध्ये जागतिक वारशात घेतलेला भाग तो हाच. चुकलात तरी जहाजाचं धुराडं बघत परत येता येतं.

सगळ्यात जास्त घोळ होतो तो फुकेतला, आणि तोही घड्याळामुळं. थायलंडचं घड्याळ सिंगापूरच्या एक तास मागं आहे. सिंगापूरहून सुटलेली काही जहाजं आपलं घड्याळ तसंच ठेवतात, काही बदलतात. मोबाईल मात्र किनाऱ्याचा सिग्नल मिळताच आपोआप थाई वेळ दाखवायला लागतो. जहाजावर साडेचारला यायचं असेल तेव्हा मोबाईलवर साडेतीनच वाजलेले असतात. मोबाईलवर चार बघून 'अजून अर्धा तास आहे की' म्हणत शहाळं पीत बसणाऱ्याचं जहाज त्या क्षणी दोर सोडत असतं. यावर उपाय साधा आहे. उतरण्यापूर्वी जिन्याजवळच्या पाटीवरची वेळ बघून साधं काट्याचं घड्याळ लावायचं आणि दिवसभर तेच मानायचं.

फुकेतच्या पटाँग किनाऱ्याला बहुतेक वेळा धक्क्याला न लागता जहाज खाडीत नांगर टाकतं आणि लहान बोटीनं किनाऱ्यावर नेतात. या बोटीला टेंडर म्हणतात. आपल्या ठेकेदारांच्या टेंडरशी याचा संबंध नाही, रांग मात्र तशीच असते. सकाळी नंबराचे कागद वाटतात, जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, त्यामुळं स्वतंत्र फिरणाऱ्यांचा तासभर सहज जातो. बाहेरचा टूरवाला ठरवला असेल तर त्याला आठ नव्हे, साडेनऊची वेळ द्यावी. समुद्र खवळलेला असेल तर कप्तान उतरणं रद्दही करतो. तेव्हा जहाजाच्या सहलीचे पैसे परत मिळतात. बाहेरच्या टूरवाल्याची अट आधीच वाचलेली बरी. परतीची शेवटची बोट कधी, हे कागदावर वेगळं छापलेलं असतं आणि शेवटच्या तासात रांग लांबते.

बोटीत पाय टाकताना दोन्ही हात मोकळे हवेत. पिशवी पाठीवर, मोबाईल खिशात. बोट लाटेबरोबर वरखाली होते, आणि वर आली की खलाशी 'आता' म्हणतो, तेव्हाच पाऊल टाकायचं. तो मनगटाच्या वर, कोपराखाली धरतो. आपणही त्याला तसंच धरावं, बोटं धरली तर सुटतात. अथणीची चप्पल ओल्या लोखंडी जिन्यावर घसरते. कितीही चांगली असली तरी ती जेवणाच्या हॉलसाठी ठेवावी. उतरताना रबरी तळाचे, मागं पट्टा असलेले सँडल. साडी नेसणाऱ्या आजी-काकूंनी निऱ्या घोट्याच्या वर खोचाव्यात.

टॅक्सी ठरवताना आकडा कागदावर लिहून घ्यायचा, आणि त्यात पाच गोष्टी असाव्यात: भाडं गाडीचं की माणशी, कुठल्या चलनात, थांबण्याचे पैसे धरलेत का, टोल कुणाचा, आणि परत बंदराच्या गेटपर्यंत सोडणार का. शेवटची गोष्ट विसरली की ड्रायव्हर जेवायला जातो. नंबरप्लेटचा फोटो काढावा आणि पूर्ण पैसे गेटवर परतल्यावरच द्यावेत. पटाँगला जेट-स्कीवर जुना ओरखडा दाखवून नुकसानभरपाई मागण्याचा धंदा जुना आहे. घ्यायचीच असेल तर आधी चारही बाजूंनी व्हिडिओ काढा, आणि तारण म्हणून पासपोर्ट देऊ नका. आमचं मत विचाराल तर घेऊच नका. पावसाळ्यात लाल झेंडा असेल तर पाण्यातही उतरू नका.

निपाणी-चिकोडीकडच्या मंडळींना एक सांगणं. सिंगापुरात गुटखा, खैनी, जर्दा 2016 पासून बंद आहे. खिशातली एक पुडीसुद्धा नको, दंड होतो. जहाजावरच्या नाश्त्यातलं केळं किंवा सफरचंद पिशवीत घालून बाहेर नेणंही बऱ्याच देशांत चालत नाही. आणि गोव्यात जहाज मुरगावला थांबलं की बेळगावचे पाहुणे डबा घेऊन येतील, त्यांना आधीच सांगा की बंदराच्या आत सोडत नाहीत. घरचं शिजवलेलं बहुतेक कंपन्या वर नेऊ देत नाहीत. सीलबंद डब्यातला कुंदा मात्र विचारून बघायला हरकत नाही.

समुद्रात मोबाईल एअरप्लेन मोडवर ठेवावा. जहाजाच्या स्वतःच्या नेटवर्कला तो आपोआप जोडला गेला तर आलेलं बिल सहलीपेक्षा जड वाटतं.

सिंगापूरहून निघून सिंगापूरलाच परतणार असाल तर त्या देशात दोनदा प्रवेश होतो, म्हणून व्हिसा एकाच प्रवेशाचा नको. सिंगापुरात क्रूझचे दोन धक्के आहेत, मरीना बे आणि हार्बरफ्रंट. टॅक्सीवाल्याला नुसतं 'क्रूझ टर्मिनल' सांगितलं तर तो यातल्या चुकीच्या ठिकाणीही नेऊन सोडू शकतो.

जहाज सुटलंच तर धक्क्यावर ओरडून उपयोग नाही. रोज खोलीत येणाऱ्या कागदावर जहाज कंपनीच्या त्या बंदरातल्या एजंटचा नंबर असतो. सकाळी उतरण्यापूर्वी त्या कागदाचा फोटो काढायचा, आणि तो नंबर एका चिठ्ठीवर लिहून वेगळ्या खिशात ठेवायचा, कारण फोन चोरीला गेला तर फोटोही जातो. उशीर होणार असं वाटलं की आधीच फोन लावावा. कुणी परतलं नाही असं दिसलं की बऱ्याच जहाजांवर खोलीतल्या लॉकरमधून पासपोर्ट काढून एजंटकडं देतात. पुढच्या बंदरापर्यंतचं विमान, हॉटेल आणि लागलाच तर व्हिसा, सगळं आपल्या खिशातून. त्या चिठ्ठीबरोबर पासपोर्टची झेरॉक्स, रोजची गोळी आणि तिथल्या चलनातली एक रात्र निघेल एवढी रोकड असावी. क्रूझ कार्ड, म्हणजे जहाजानं दिलेलं ओळखपत्र, गळ्यात नको, आतल्या खिशात. त्यावर जहाजाचं नाव असतं, आणि ते वाचून भाव वाढवणारे गेटबाहेरच उभे असतात.