कारणाचा रकाना

मुदत संपायला महिनाभर उरलेली ठेव मोडायला कोणी आले, की आम्ही बँकेतले लोक त्या ठेवीवर कर्ज घेण्याचे सुचवतो आणि व्याज बुडू नये म्हणून बहुतेक जण ते ऐकतातही. त्या दिवशी आलेल्या निवृत्त अभियंत्यांनी मात्र तिन्ही पावत्या पुढे सरकवल्या आणि सगळी रक्कम आरटीजीएसने लगेच पाठवायला सांगितले. कारण विचारले, तर माझा प्रश्न संपण्याआधीच ‘फ्लॅट घेतोय’ हे उत्तर आले.

अर्जात लाभार्थी म्हणून एका व्यक्तीचे नाव होते. पूर्वी आरटीजीएसचे पैसे केवळ खातेक्रमांक पाहून जमा होत, नाव कोणी ताडून पाहत नसे; पैसे पाठवण्याआधी खातेदाराचे नाव दिसण्याची सोय रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०२५ पासून सक्तीची केली. क्रमांक टाकला, तर पडद्यावर कुठल्याशा ट्रेडिंग कंपनीचे नाव उमटले. तरीही सही बरोबर, पावत्या खऱ्या आणि पैसे त्यांचे असताना ते अडवायचे कोणत्या अधिकारात, हा प्रश्न होताच.

“काका, साठेखत झालं का?” असे मी विचारले. उत्तर देण्याआधी त्यांनी शर्टाच्या खिशाकडे पाहिले. खिशातल्या मोबाइलच्या कॅमेऱ्याची भिंगे बाहेर डोकावत होती.

मी पैसे भरण्याच्या स्लिपच्या पाठीवर लिहिले, ‘फोन चालू आहे ना? नुसती मान हलवा.’ त्यांनी ती हलवली. मग फोनला ऐकू जाईल अशा आवाजात ‘सही जुळत नाही, नवा नमुना द्यावा लागेल’ असे सांगून मी त्यांना आतल्या खोलीत नेले आणि फोन बंद करायला लावला. हे खोटे बोलल्याचे मला काही वाटत नाही.

आदल्या संध्याकाळपासून ते ‘डिजिटल अरेस्ट’मध्ये होते. त्यांच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडल्याचे व्हिडिओ कॉलवरच्या गणवेशधारी माणसाने सांगितले होते आणि तपास होईपर्यंत सगळे पैसे ‘सरकारी’ खात्यात ठेवायला लावले होते. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे सांगणारे पोस्टर ते उभे होते त्याच खिडकीशेजारी लावलेले आहे. पोस्टर चिकटवले की कर्तव्य संपले, असे मानणाऱ्या आमच्या वरिष्ठांना हे कधी उमगेल कोण जाणे, की बँकेत काय विचारतील आणि त्यावर काय सांगायचे हे त्या टोळ्यांनी गिऱ्हाइकाकडून आधीच घोकून घेतलेले असते. लोभी माणसेच फसतात, असे आमच्या शाखेतही सर्रास म्हटले जाते. या गृहस्थांना लोभाचा वाराही लागला नव्हता. सरकारी कागदाला वेळेत उत्तर द्यायचे, ही आयुष्यभराची सवय त्यांना नडली.

आदल्या रात्री मोबाइल बँकिंगने काही रक्कम गेलीच होती. असे पैसे तासाभरात चार खात्यांत पांगतात आणि जे अजून कुठल्या तरी खात्यात पडून असतात तेवढेच गोठवता येतात, म्हणून पाण्याचा पेला पुढे करण्याआधी मी सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा क्रमांक लावला.

लाइन लागेपर्यंत त्यांनी मला विचारले, “तुम्ही सांगताय ते खरं कशावरून?”

मी गळ्यातले ओळखपत्र पुढे केले.

“ते त्यांनीही दाखवलं होतं.”

तेवढ्यात पलीकडून खातेक्रमांक विचारला गेला आणि तो सांगण्यात माझे उत्तर राहून गेले. ते मला अजूनही सुचलेले नाही.